स्टार लावू का नको? नाताळात ज्या घरात दुःख आहे त्यांचे प्रश्न

दर महिन्याला या पानावर सगळ्या प्रकारचे प्रश्न असतात, सासूचे, नोकरीचे, मुलांच्या अभ्यासाचे. या वेळी मी मुद्दाम तीनच घेतलेत, तिन्ही खान्देशातले आहेत आणि तिन्हींचं मूळ एकच, घरातलं माणूस गेलंय आणि समोर नाताळ येऊन उभा राहिलाय. नावं कुणाचीच देत नाही. पत्रं थोडी छोटी केलीत, बाकी शब्द ज्याचे त्याचे.

प्रश्न : ताई, सलाम. आम्ही भुसावळचे. माझे मिस्टर रेल्वेत होते, ऑगस्टमध्ये ड्युटीवरून आले, चहा मांड म्हणाले आणि चहा होईपर्यंत गेले, अटॅक. वय फक्त ४४. मुलगी दहावीला आहे, मुलगा नऊ वर्षांचा. दरवर्षी डिसेंबर लागला की हे स्वतः बांबूच्या कामट्यांचा स्टार करायचे, पतंगाचा कागद, मैद्याची खळ, आत झिरोचा बल्ब. मागच्या वर्षीचा स्टार पेपरात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. मुलगा रोज विचारतो मम्मी स्टार कधी लावायचा. सासूबाई म्हणतात या वर्षी आपल्या घरात सण नाही, करंज्या तळायच्या नाहीत, स्टार नाही, लोक काय म्हणतील. चर्चमधले म्हणतात सिस्टर, भाऊ प्रभूजवळ आहेत मग रडायचं कशाला, तुमची साक्ष दिसली पाहिजे. कॅरल पार्टीवाले विचारतात तुमच्याकडे येऊ का नको. मला काहीच सुचत नाही. उपासनेत बसते आणि गाणं सुरू झालं की माझा घसाच बंद होतो, ती आनंदाची गाणी नकोशी होतात. माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर : सलाम ग बहिणी. तुझ्या शेवटच्या ओळीपासून सुरू करते, कारण मला वाटतं तुला रात्री जागं ठेवणारी ओळ तीच आहे. नाही, तुझा विश्वास कमी पडत नाहीये. जो माणूस तुझ्या बाजूला उभा राहून ते गाणं म्हणायचा तो आता बाजूला नाहीये म्हणून तुझा घसा बंद होतो, आणि तो बंद नसता झाला तर मला जास्त काळजी वाटली असती.

येशूचा मित्र लाजर मेला तेव्हाची गोष्ट तू शंभर वेळा ऐकली असशील, पण आता पुन्हा एकदा वाच, योहानाचा अकरावा अध्याय. लाजरला कबरीत ठेवून चार दिवस झालेत, येशू येतो, आपण त्याला उठवणार आहोत हे त्याला माहीत आहे, शिष्यांना तसं त्याने आधीच सांगितलंय, आणि तरी लाजरच्या बहिणीला, मरीयेला, रडताना पाहून तो स्वतः रडतो. "येशू रडला." दोन शब्दांचं वचन. आणि त्याच्या पुढचं वचन आपण वाचतच नाही, तिथे जमलेले लोक काय म्हणाले ते, की बघा, याचं त्याच्यावर किती प्रेम होतं. साक्ष म्हणतात ती हीच ना? लोकांनी आसवं पाहिली आणि त्यांना प्रेम दिसलं. त्यामुळे तुझी साक्ष बिघडतेय असं कुणी म्हटलं तर तू मनाला लावून घेऊ नको, ते लोक वाईट नाहीत, तुझं रडणं बघून त्यांचा जीव घाबरा होतो आणि मग तोंडाला येईल ते बोलून जातात.

ते जे वचन सांगतात ना, शोक करू नका, ते पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलंय, पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, आणि तिथे वाक्य एवढंच नाहीये, तिथे आहे की ज्यांना आशा नाही त्या इतरांसारखा शोक करू नका. म्हणजे शोक कराच, पण कबरीवरची माती लोटली म्हणजे सगळं संपलं असं समजून करू नका. मधला तुकडा गाळला की वचन दगडासारखं लागतं. मला स्वतःला लागलेलं आहे म्हणून सांगते.

माझे वडील डिसेंबरातच गेले, ११ तारखेला, आम्ही तेव्हा अमळनेरला राहायचो. चौदा दिवसांवर नाताळ. आईला वाटलं लेकरांसाठी थोड्या तरी करंज्या करू, म्हणून तिने रवा-मैदा भिजवला, सारण केलं, पोळपाट घेऊन बसली, पहिली पारी लाटली आणि तिथेच थांबली. हातात कातणं, ते पितळी चाकाचं, आणि ती नुसती त्या पारीकडे बघत बसलेली, पीठ वाळायला लागलं तरी हलेना. आम्ही पोरं दारात उभे. शेजारच्या जिजी आल्या, त्या काही चर्चच्या नव्हत्या, बायबल त्यांनी कधी उघडलं नसेल, त्यांनी काही विचारलं नाही, खाली बसल्या, आईच्या हातातून कातणं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "रडी ले माय, पोटभर रडी ले, मी तळस." आणि आई रडली. अकरा तारखेपासून पहिल्यांदा अशी रडली. जिजी एकीकडे करंज्या कातत होत्या, एकीकडे पदराने स्वतःचे डोळे पुसत होत्या, त्यातल्या निम्म्या करंज्या तेलात फुटल्या आणि सारण जळल्याचा वास घरभर झाला. आजही नाताळाची कढई चढली की मला आधी तो वास आठवतो. त्या दिवसांत पाळकसाहेब आले, बरेच लोक आले, चांगलं चांगलं बोलले, मला त्यातलं एक वाक्य आठवत नाही, जिजींचं आठवतं. पौलानेच रोमकरांना लिहिलंय ना, रडणाऱ्यांसोबत रडा, ते जिजींनी न वाचता केलं.

आता स्टारचं. माझं मत विचारशील तर लाव. पण नवीन आणू नको, ते बाजारातले प्लास्टिकचे घडीचे मिळतात ते तर नकोच. माळ्यावरचाच काढ. एखाद्या संध्याकाळी दोन्ही लेकरांना घेऊन बस, पेपर सोडा, एखाद्या कोपऱ्यातला कागद फाटला असेल, कामटी निघाली असेल, तिथे खळ लावून नवा तुकडा चिकटवा, बाकी त्यांच्या हाताचं आहे तसं राहू दे. त्यांनी सुतळीची गाठ कशी मारली होती ते मुलाला बघू दे, पुढच्या वर्षी तोच मारेल. रडू येईलच. येऊ दे, मुलांसमोर येऊ दे, आई पण रडते म्हणजे आपल्यालाही रडता येतं हे त्यांना कळलं पाहिजे. आणि लोकांचं म्हणशील तर, बेथलेहेमवर तारा दिसला तेव्हा खाली सगळं आनंदी आनंद होता असं मत्तयाने कुठे लिहिलंय? खाली हेरोद राजा होता, हातात तलवार घेऊन बसलेला. स्टार लावला म्हणजे आमच्या घरी सगळं ठीक चाललंय असा अर्थ होत नाही. आमच्या घरी अंधार आहे आणि या अंधारात तो जन्माला यावा अशी आम्ही वाट बघतोय, असाही त्याचा अर्थ होतो, आणि मला तर वाटतं तोच जास्त खरा.

पण एक, तुला अजिबातच जमत नसेल, शिडी लावून माळ्यावर चढायच्या विचारानेच छातीत धडधडत असेल, तर या वर्षी नको लावू. येशूचा जन्म तुझ्या स्टारवर थांबलेला नाही. मुलाला खरं सांग की बेटा मला या वर्षी जमत नाहीये, तू खिडकीत एक मेणबत्ती लाव. नऊ वर्षांच्या पोराला हे कळतं.

सासूबाईंवर रागावू नको ग. तुझा नवरा गेला, त्यांचा मुलगा गेला, आणि आई जिवंत असताना मुलगा जावा हे दुःख कसलं असतं ते आपण दोघीही सांगू शकत नाही. लोक काय म्हणतील हे त्या वर वर म्हणतात, आत त्यांना तेलाचा वासच सहन होणार नाहीये, कारण पहिली करंजी उचलून कोण खायचं ते त्यांना माहीत आहे. करंज्या नका तळू. आपल्या खान्देशात दुखवट्याच्या घरी पहिल्या सणाला शेजारपाजारचे आणि नातेवाइकांचे डबे येतात, येऊ दे, घे, नाही म्हणू नको. पण स्टारचं त्यांना विचारताना लावू का असं विचारू नको, त्यांना म्हण, आई, तुमच्या मुलाच्या हातचा शेवटचा स्टार आहे, काढून बघू या का? मग त्या काय म्हणतात बघ.

पंडिता रमाबाईंचं मला नेहमी आठवतं. एकुलती एक मुलगी मनोरमा, केडगावच्या मुक्ती मिशनचा सगळा भार जिच्यावर सोपवायचा होता ती, १९२१ साली आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा बायबलाच्या मराठी भाषांतरात होत्या, म्हाताऱ्या झालेल्या, कान गेलेले. त्यांनी ते काम सोडलं नाही, आणि मुलीमागे वर्ष पूर्ण व्हायच्या आत, ५ एप्रिल १९२२ला, त्या पण गेल्या. एवढ्या विश्वासाच्या बाईचं शरीर सुद्धा लेकीमागे वर्षभर टिकलं नाही. तुझ्या सासूबाईंना जरा खायला प्यायला बघ, बीपी तपासून घे त्यांचं.

कॅरल पार्टीला सांग, या, पण ढोलकी-डफ वाजवू नका, एकच गाणं म्हणा, हळू आवाजाचं, आणि प्रार्थनेत यांचं नाव घ्या. नाव घ्या हे मुद्दाम सांग, लोक नाव घ्यायला घाबरतात, त्यांना वाटतं आठवण होईल, जशी काही तू विसरलीच आहेस. २४च्या रात्रीच्या उपासनेला जावंसं वाटलं तर मागच्या बाकावर दरवाज्याजवळ बस, एखाद्या बहिणीला आधीच सांगून ठेव की मी मध्येच उठले तर माझ्यामागे ये. गाणं नाही म्हटलं तर नाही म्हटलं, बाकीची मंडळी म्हणतायत ना, ते या वर्षी तुझ्या वाट्याचं म्हणतील. २५ला सकाळी गर्दी व्हायच्या आत दफनभूमीत जाऊन या सगळे, शेवंतीची फुलं असतातच या दिवसांत.

बाहेरच्या देशांतल्या बऱ्याच चर्चेसमध्ये २१ डिसेंबरच्या आसपास, वर्षातली सगळ्यात लांब रात्र असते तेव्हा, दुःखात असलेल्यांसाठी वेगळी उपासना ठेवतात. फार काही नसतं त्यात, गेलेल्यांच्या नावाने मेणबत्त्या, एखादं स्तोत्र, बराच वेळ शांतता. आपल्याकडे त्या दिवशी रात्र साधारण तेरा तासांची असते आणि थंडी कशी असते ते तुला सांगायला नको. तुमच्या पाळकांना विचारून बघ, भुसावळमध्ये यंदा एकटं तुझंच घर असं नसणार.

आणि हन्ना. लूकच्या दुसऱ्या अध्यायात ही बाई आहे, नाताळाच्या नाटिकेत आपण मेंढपाळ घेतो, पूर्वेकडून ताऱ्यामागे आलेले मागी घेतो, हिला कुणी घेत नाही. लग्नानंतर सात वर्षांत नवरा गेला आणि आता वय ८४, मंदिर सोडत नाही, उपास, प्रार्थना, वर्षानुवर्षं. मरीया आणि योसेफ बाळाला घेऊन मंदिरात येतात तेव्हा त्या बाळाबद्दल सगळ्यांना सांगत सुटणारी बाई कोण? हीच, विधवा. तिचं वैधव्य काही लूकने लपवलं नाही, वर्षांसकट लिहून ठेवलं. नाताळाच्या गोष्टीत तुझ्यासारखीला जागा कुणी करून द्यायची गरजच नाहीये, ती पहिल्यापासून तिथे आहे.

एक राहिलं. तू मुलाबद्दल लिहिलंस, सासूबाईंबद्दल लिहिलंस, दहावीच्या पोरीबद्दल फक्त एवढंच की दहावीला आहे. ती रडते का? अभ्यास करते, घरात मदत करते, शहाणी झालीये, असं असेल तर तिच्याकडे आधी बघ. रात्री तिच्या अंथरुणावर जाऊन पड, काही विचारू नको, पड नुसती.

प्रश्न : मी नवापूर तालुक्यातला, सुरतला कंपनीत आहे. पावसाळ्यात आई वारली, फोन आला तेव्हा नाईटला होतो, सुटी मिळाली नाही, पोहोचलो तोवर माती झाली होती. तेव्हापासून प्रार्थना बंद. देवावर राग येतो, आईने आयुष्यभर त्याचं केलं आणि त्याने मला तिचं तोंड पण बघू दिलं नाही. नाताळला गावी जायची इच्छा नाही, वडील एकटे आहेत तरी नाही. झोप येत नाही, कधी कधी वाटतं आपण पण संपावं. देवावर रागावणं पाप आहे का?

उत्तर : भाऊ, आधी तुझ्या पत्राच्या शेवटाबद्दल बोलते, बाकी मग. आपण पण संपावं असं वाटतंय हे आजच्या आज एका माणसाला तोंडाने सांग, रूम पार्टनर असेल, मामा असेल, कोणी पण. आणि १४४१६ हा नंबर मोबाईलमध्ये सेव्ह कर, सरकारची टेलिमानस सेवा आहे, फोन फुकट, रात्री दोनला पण लागतो, मराठीत बोलता येतं. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते तिथे जा, झोपेचं सांग. याला विश्वासाची कमी म्हणत नाहीत, ताप आला तर गोळी घेतो तसंच आहे. आणि तो विचार एखाद्या रात्री फार जवळ आला तर त्या रात्री एकटा राहू नको, कुणालाही उठव.

आता राग. स्तोत्रसंहिता काढ, ८८वं स्तोत्र. ते शेवटपर्यंत अंधारातच आहे, शेवटच्या ओळीत सुद्धा अंधारच आहे, कुठे उजेड पडत नाही, आणि तरी ते बायबलात आहे, कुणी काढून टाकलं नाही. १३वं बघ, सुरुवातच अशी की परमेश्वरा, किती वेळ, मला कायमचा विसरणार आहेस का. हे रागाचंच बोलणं आहे ना? पण ते देवाच्या मागे चाललेलं नाहीये, त्याच्या तोंडावर चाललंय. तू पण त्याच्याच तोंडावर बोल, शिव्या येतील तर येऊ दे. प्रार्थना बंद केलीस असं तू लिहिलंयस, मला तर तुझं पत्र वाचून ते सगळं त्यालाच लिहिलंय असं वाटलं, पत्ता फक्त माझा टाकलास.

आणि तोंड बघायला मिळालं नाही हे खरंच फार आहे, त्यावर मी काही फुंकर घालणार नाही. तुझी चूक नव्हती एवढं मात्र लिहून ठेवते, परगावी पोटासाठी राबणाऱ्याला मधल्या रात्री सुटी मिळत नाही आणि गाडी आपल्यासाठी थांबत नाही. तिच्या कबरीशी जा आणि जे त्या दिवशी बोलायचं होतं ते मोठ्याने बोल. त्यासाठी गावी जावं लागेल. तापी लाइनच्या गाडीत बस, नवापूरला उतर, ते अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत असलेलं बाकडं आहे ना स्टेशनवर, तिथे थोडा वेळ बसून दम घे आणि मग घरी जा. २४लाच जा असंही नाही, २३ला जा म्हणजे गर्दीच्या आधी बापाजवळ एक रात्र मिळेल. उपासनेला नाही गेलास तरी चालेल. बापासोबत चुलीजवळ बस, त्यांना पण कुणाला तरी सांगायचं असेल की शेवटच्या दिवशी काय काय झालं, आणि ते फक्त तुलाच सांगतील. पोहोचलास की मला कळव.

प्रश्न : मी चाळीसगावची, आम्ही हिंदू. माझी जवळची मैत्रीण ख्रिश्चन आहे, तिचं पाच महिन्यांचं बाळ ऑक्टोबरमध्ये गेलं. दरवर्षी मी तिच्याकडे नाताळला जाते. या वर्षी जाऊ का? आम्ही जाताना गंधमुक्ती कधी विचारलं तर ती म्हणाली आमच्यात नसते, मग मला कळेचना की काय करायचं, काय बोलायचं.

उत्तर : जा. नक्की जा, आणि मेरी ख्रिसमस म्हणू नका, नुसतं तिच्या शेजारी बसा. देवाला चांगली फुलंच आवडतात, तुम्ही अजून तरुण आहात दुसरं होईल, असलं काही म्हणू नका, पाच महिन्यांचं म्हणजे पाच महिन्यांचं आख्खं माणूस होतं ते. बाळाचं नाव घ्या. तुमच्याकडे फोनमध्ये एखादा फोटो असेल जो तिच्याकडे नाहीये, तो दाखवा, आधी विचारून.

गंधमुक्तीचं वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही विचारलंत हेच तिला पुरलं असेल. ख्रिस्ती कॅलेंडरमध्ये नाताळानंतर तीनच दिवसांनी, २८ डिसेंबरला, हेरोदाने बेथलेहेमात मारलेल्या बाळांची आठवण असते. मत्तयाने तिथे राहेलचं नाव घेतलंय, लेकरांसाठी रडणारी आणि कुणी समजावलं तरी न ऐकणारी आई. तिला कुणी गप्प केलेलं नाही त्या गोष्टीत. तर तुमची मैत्रीण गप्प होत नसेल तर तिला गप्प करायला जाऊ नका. २५ला तिच्या घरी पाहुणे असतील, नातेवाईक असतील, तुम्ही २८ला जा, तेव्हा घर रिकामं झालेलं असतं आणि तिला तेच खायला उठतं.

केक वगैरे नेऊ नका, घरी गोडाचे डबे पडलेलेच असतील. भरीत करून न्या, सीझनच आहे, मेहरूणची बोरं मिळाली तर ती न्या, कळण्याची गरम भाकरी फडक्यात बांधून न्या, दोन घास तुमच्यासमोर खायला लावा. आणि डबा लगेच परत आणू नका, तिच्याकडेच राहू द्या, आठ दिवसांनी तो घ्यायला म्हणून पुन्हा जाता येतं.